बानाबाईची घोंगडी

आमच्या वाडीत भांडण मिटवायचं तर घोंगडी अंथरतात. तिच्यावर बसलेला माणूस खोटं बोलत नाही, असा रिवाज. तो पुढाऱ्यांना लागू नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं.

बानाबाई माझी चुलती. तिचा जन्म मेंढरांमागं गेला. दर उन्हाळ्यात पाणी आटलं की वाडी उठायची आणि गोदाकाठचा रस्ता धरायची. म्हणून फुलंब्रीजवळच्या आमच्या नाल्यावर रोजगार हमीतून तलाव मंजूर झाला, तेव्हा पहिलं टोपलं तिनंच उचललं. दोन्ही बाजूंनी भिंत वर आली. नाल्याचं पाणी वाहतं ते मधलं तोंड तेवढं बुजवायचं राहिलं आणि काम बंद पडलं. विद्यापीठाचं नाव बदललं त्याच्या पुढच्याच वर्षी सरकारही बदललं होतं. कामावरचे सरकारी साहेब म्हणाले, तिजोरीत तूट आहे. तिकडं वाळूजला कारखान्यांसाठी रुंद रस्ते होत होते, त्यांना ही तूट कधी आडवी आली नाही.

पावसाआधी तोंड बुजलं नाही तर भिंत जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बानाबाईनं सत्ता गेलेल्या पक्षाचे तात्यासाहेब आणि सत्ता आलेल्या पक्षाचे काकासाहेब, दोघांना बोलावलं. स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी त्यांना अंथरली.

“तुमच्या लोकांनी तिजोरी धुऊन नेली,” काकासाहेब म्हणाले.

“आम्ही भरलेली दिली. उधळली तुम्ही,” तात्यासाहेब म्हणाले.

मग कर्ज निघालं, व्याज निघालं, दिल्ली निघाली. तलावाचं नाव कुणी काढलं नाही. चहा मात्र दोघांनी दोनदा घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बानाबाई शांत होती. घोंगडीवर बसलेत, आता खरं बोलतील, असं त्या भाबड्या बाईला वाटत होतं.

“तोंड कवा बुजंल, तेवढं सांगा,” तिनं शेवटी विचारलं.

“ते यांना विचार,” दोघांनी एकमेकांकडं बोट केलं.

आषाढात भिंत वाहून गेली. साठ बायकांची मेहनत एका रात्रीत गेली, आणि या दोघांनी त्यावरही एकमेकांविरुद्ध सभा घेतल्या.

उन्हाळ्यात निवडणूक लागली. बानाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होती, तेव्हा दोघंही वाडीत येऊन थडकले. ऊन रणरणत होतं. तात्यासाहेबांनी बसायला काहीतरी मागितलं.

बानाबाईनं घोंगडी खोगिरावर टाकली आणि दोरी आवळली.

“घोंगडीची लई तूट हाय, सायेब. कुणामुळं झाली, ते तुमी दोघं उन्हात उभं राहून ठरवा.”