एका गुंडीचं रसग्रहण

सरांनी टेबल पुसायचं फडकं डोक्यावर पदरासारखं घेतलं, माझा पेपर तोंडासमोर धरला आणि बायकी आवाज काढून रडायला लागले.

"वीरा रेऽऽ, तुझ्या सदऱ्याला एकच गुंडी उरली रेऽऽ, तीही तुटली तर कोण लावील रेऽऽ!"

अकरावीचा अख्खा वर्ग फुटला. कुणी बाक बडवले, कुणी रडण्याचा सूर धरला. मला सरांनी फळ्याजवळ उभं केलं होतं, सगळ्यांना दिसावं म्हणून. सगळ्यांच्या नजरा माझ्या सदऱ्यावर आल्या. खालच्या दोन गुंड्या नव्हत्या. तिथं मी बाभळीचा काटा टोचून सदरा बंद केला होता. मी त्यावर हात धरला, तर हसणं आणखी वाढलं.

सर डोळे पुसत म्हणाले, "हे तांड्यावरच्या समीक्षकांचं रसग्रहण. उद्या म्हशीच्या हंबरण्यालाही काव्य म्हणतील."

ती ओळ माझ्या बाईची होती. आमच्या गोरबोलीत थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, भावाला वीरा. तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्गात हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून मी त्यांना माफ करावं, असं मला पुढं पुष्कळांनी सुचवलं. ठाऊक नसणं ही फार सोयीची गोष्ट आहे. ज्याच्याकडे ती असते त्याचं कुठंच काही अडत नाही.

आमचा तांडा बोरी अरबपासून आत, माळावर. एके काळी आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. मग आगगाडी आली, ही लदनी बंद पडली, आणि आम्ही माळाची जमीन फोडून कापूस पेरायला लागलो. याडी, म्हणजे आई, मी लहान असतानाच गेली. बाई स्वतः पोर होती, पण त्या दिवसापासून ती माझी याडी झाली. भाकर तिची, मार तिचा, आणि सदऱ्याच्या गुंड्याही तिच्याच. मी झाडावर चढून गुंड्या तोडायचो आणि ती शिव्या देत लावायची.

आमच्यात लग्न ठरलं की मुलीला रडायला शिकवतात. यावर हसू नका, हसून झालेलं आहे. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. सासरी निघताना मुलगी एकेका माणसाच्या गळ्यात पडून गाते, त्याला काय सांगायचं ते सांगते, आणि रडते. म्हाताऱ्या बाया दुपारी तिला घेऊन बसतात, चाल बसवतात, ओळी देतात. जिला ढावलो येत नाही तिच्या घराला नावं ठेवतात.

बाई सराव माझ्यावर करायची. वेचणीला जाताना वाटेत मला थांबवायची, गळ्यात हात टाकायची आणि सूर लावायची. मला गुदगुल्या व्हायच्या. मी हसायचो, तीही हसायची. "रड ना बे, दगडा," म्हणायची. बापाची ओळ वेगळी, भावाची वेगळी, घराच्या उंबऱ्याचीही एक. मला सगळ्या पाठ झाल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी ती माझ्यापाशी आली. गळ्यात पडली. शिकवलेली ओळ सुरू केली, भाऊ म्हणजे दारातलं झाड, वगैरे. आणि मध्येच थांबली. तिच्या हाताला माझा सदरा लागला होता. तिनं चाल सोडली. कुणी न शिकवलेलं बोलली. "वीरा, एकच गुंडी उरली रे. तीही तुटली तर कोण लावील?" एका म्हातारीनं मागून तिला टोचलं, चाल धर म्हणून. तिला धरता येईना. त्या वेळी मी हसलो नाही.

दोन पावसाळ्यांनी बाई बाळंतपणात गेली. मूलही गेलं. निरोप घेऊन माणूस आला तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. बा आणि मी पोचलो तेव्हा दाखवायला फक्त जागा होती.

मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकत होतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आपलं राज्य, आपली भाषा, अशी भाषणं शाळेत सारखी व्हायची. मराठी शिकवणारे सर त्यात सगळ्यांत छान बोलायचे. आणि शिकवायचेही छान, हे सांगितलंच पाहिजे. ते कविता म्हणायला लागले की मला भूक आठवायची नाही. मराठी माझी घरची भाषा नव्हती. ती मला त्यांनी दिली. म्हणून तर आजही दुखतं. वाईट मास्तरानं केलेला अपमान माणूस कपडे झटकावे तसा झटकून टाकतो.

सर नेहमी सांगायचे, "रसग्रहण लिहिताना गाईड ओकू नका. स्वतःचं मत लिहा. कविता तुमच्या जगण्याला कुठं लागते ते लिहा."

तांड्यात नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, शब्द दिला की तो शब्द असतो. मी सरांचा शब्द तसाच घेतला. बाकीची मुलं शहाणी होती. शब्द त्यांनीही ऐकला आणि गाईड पाठ केलं.

तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक, आणि त्याआधी शाळेची चाचणी असायची. तीत नापास झालेल्याला मॅट्रिकला बसू देत नसत. माझं मॅट्रिक म्हणजे बाच्या अर्ध्या जन्माची आस होती. मराठीच्या पेपरात सासरी निघालेल्या मुलीवरची एक कविता आली. खाली लिहिलं होतं, रसग्रहण करा.

मी लिहिलं. या कवितेत पालखी आहे, मोगरा आहे, आईचे ओले डोळे आहेत. मुलगी नाही. ती पालखीत बसली आहे, पण तिला तोंड दिलेलं नाही. कवी तिच्या वतीनं रडतो. सुंदर रडतो. पण रडून झालं की त्याला स्वतःच्या घरी जायचं आहे, तिला जायचं नाही. मग ढावलोबद्दल लिहिलं. आमच्याकडे मुलगी स्वतः रडते. तिचं रडणं शिकवलेलं असतं, जसं कवीला वृत्त शिकवलेलं असतं. शिकवलेलं म्हणजे खोटं नव्हे. पण शिकवलेली चाल जिथं मोडते तिथं ती मुलगी दिसते. इथं मी बाईची ओळ मराठीत करून लिहिली. आणि शेवटी लिहिलं की या कवितेची चाल कुठंच मोडत नाही, म्हणून ती कानाला गोड लागते आणि मला लागत नाही.

लिहून झाल्यावर बरं वाटलं होतं. बाईनं डोक्यावरून हात फिरवावा तसं. मला वाटलं, सर हे वाचून मला जवळ बोलावतील.

बोलावलं. फळ्याजवळ.

त्या उत्तराला शून्य, आणि त्यापायी मराठीत नापास. त्या दिवसापासून शाळेत माझं नाव गुंडी पडलं. वसतिगृहात जेवायला बसलो की कुणीतरी सूर लावायचा. वाढणारा आचारीसुद्धा हसायचा. मी आठ दिवस खाली मान घालून जेवलो आणि रात्री उशीत तोंड खुपसून पडलो. मला बाईची लाज वाटली नाही. मला माझी लाज वाटली, की मी तिला कुठं नेऊन उभं केलं.

हेडमास्तरांनी बाला बोलावून घेतलं. बा पहाटे निघून चालत आला. सर आणि मी होतो त्या खोलीत शिरला, डोक्यावरचं पागोटं काढलं आणि सरांच्या पायाशी ठेवलं. "सायेब, पोट्टं चुकलं. काय चुकलं ते मले नाही समजत. पन त्याले परीक्षेले बसू द्या." एवढं बोलेपर्यंत त्याला खोकल्याची उबळ आली. तो भिंतीकडे तोंड करून खोकत राहिला. त्याला कुणी पाणी विचारलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, मुलगा बाकी विषयांत हुशार आहे, काही करता येईल का बघा. सरांनी पेपर काढला, लाल पेन्सिल माझ्यापुढं धरली. "हा ढावलोचा परिच्छेद तुझ्या हातानं खोड. खाली लिही, हे साहित्य नव्हे हे मला समजलं. मग मी गुण वाढवतो."

मी म्हणालो, "सर, तुम्हीच म्हणाला होतात, स्वतःचं मत लिहा."

"मत. गळा काढणं नव्हे. ठरवून रडतात, शिकवून रडतात, त्याला आम्ही ढोंग म्हणतो."

"ती माझी बहीण होती. वारली ती."

सर जरा थांबले. खरंच थांबले. मग म्हणाले, "वाईट झालं. पण व्यक्तिगत दुःख पेपरात आणायचं नसतं."

बाला आत्ता कळलं की कागदावर काय आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात धरून पेन्सिलीकडे नेला. "खोड बापू," तो म्हणाला. "ते त गेली. कागदावर ठेवून काय वापस येनार हाय? तू त निघ यातून."

बापाच्या शब्दापुढं मी कधी गेलो नव्हतो. पेन्सिल हातात घेतली. कागदावर टेकवलीही. पण त्या ओळीतला 'वीरा' हा शब्द दिसला आणि हात पुढं जाईना. रेघ मारली असती तर ती तिच्या तोंडावर मारली असती. ती एकदा मेली होती. दुसऱ्यांदा ती माझ्या हातानं मेली असती.

मी पेन्सिल टेबलावर ठेवली. "मी खोडणार नाही."

"मग बसणार नाहीस," सर म्हणाले.

"नाही बसत."

बानं पागोटं उचललं. तो माझ्यापुढं चालायला लागला. गाव मागं पडलं, नदी ओलांडली, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. एका बोरीच्या झाडाखाली तो बसला. आम्ही आपसात गोरबोलीत बोलायचो. तुम्हाला कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत लिहितो.

"त्यानं तिचं रडनं पोट्ट्याईले वाचून दाखोलं?"

"हो."

"हासले?"

"हो."

"मास्तर बी?"

"मास्तरच पयले."

बा बराच वेळ मातीत काडीनं काही उकरत राहिला. मग विचारलं, "मले काय म्हनली होती, ते लिवलं का तू?"

"नाही बा. जे शिकवलं होतं तेच म्हनली असंल ना."

"नाही." त्यानं काडी टाकली. "माह्या कानात म्हनली. बा, रातच्याले खोकला आला त हाक नोको मारू. मले आयकू नाही येनार." तो खोकला. थांबला. "म्या आजलोक हाक नाही मारली."

मग माझा बा, ज्यानं घटकाभरापूर्वी मला खोड म्हणून सांगितलं होतं, तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. त्याला चाल नव्हती. पुरुषांना कुणी शिकवत नाही.

उठताना म्हणाला, "ते बी लिवाले पाह्यजे होतं."

ते वर्ष गेलं. मी जिनमध्ये कापसाची ओझी वाहिली, फुफ्फुसात तंतू भरून घेतले. पुढच्या वर्षी बाहेरून मॅट्रिकला बसलो. पुन्हा एक कविता आली, पुन्हा रसग्रहण करा. मी दोन्ही ओळी लिहिल्या, गुंडीची आणि खोकल्याची. आधी गोरबोलीत, जशा होत्या तशा, आणि मग खाली मराठीत. तपासणाऱ्यानं काय केलं मला माहीत नाही. काठावर पास झालो. तो निकाल पाहायला बा नव्हता. शेवटच्या रात्रीही त्यानं हाक मारली नव्हती.

साहित्य कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा, बसा ठरवत. मला त्याची परवानगी नको आहे. मी माझ्या माणसांचं रडणं लिहीन, जिथं चाल मोडली तिथपासून लिहीन. लाल पेन्सिल तुमची आहे. रेघ मारायची तर तुमच्या हातानं मारा. माझा हात त्यासाठी मिळणार नाही.