डोंगलला ‘आवजो’

चार वाजता बायकोची ऑनलाइन मुलाखत, पन्नाशीतली पहिलीच नोकरी, आणि नेमकं घरचं इंटरनेट बंद! मी फतेगंजच्या दुकानातून डोंगल आणला आणि सोबत तिथलं एक गिऱ्हाईकही. “मला येतं,” म्हणत पादरा गावचे ते काका वांग्यांची पिशवी सांभाळत आपणहून माझ्या स्कूटरवर बसले होते.

आमच्या संगणकावर फुकटातलं लिनक्स. डोंगल लावला की पडद्यावर पेनड्राइव्ह दिसायचा, इंटरनेट नाही. काकांनी वांगं पारखावं तसा डोंगल दाबून पाहिला, माऊस धरला, पडद्यावर ‘इजेक्ट’ केलं आणि हात जोडून ‘पुन्हा या’ असा गुजराती निरोप दिला, “आवजो!”

मी किंचाळलो, “अहो काका, हाकललंत की त्याला!”

“अरे साहेब, आधी जवा दो ने! सामान ठेवून येईल पाछो, परत.”

बायको घड्याळाकडे बघत होती. तेवढ्यात डोंगलचा दिवा निळा झाला आणि इंटरनेट आलं!

मुलाखत संपेपर्यंत काका निघूनही गेले होते. नाव विचारायचं राहिलंच. बायकोला नोकरी लागली, घरूनच, त्याच डोंगलवर करायची. मला मात्र अजून काही कळलेलं नाही. रोज डोंगल लावतो, हाकलतो, हात जोडून ‘आवजो’ म्हणतो. बायको म्हणते, हात जोडायची गरज नाही. पण तिच्या नोकरीचा धोका कोण पत्करणार?