दाजीपूरच्या रानातली सून

भूमजवळच्या उघड्या माळावर बानूबाईचा जन्म मेंढरांमागं गेला. सून प्रतीक्षा वनरक्षक होऊन लांब दाजीपूरच्या अभयारण्यात नोकरीला गेली, तेव्हा भावकीत कुजबुज झाली. "घरच्या लक्ष्मीला जंगलात धाडता व्हय?"

"म्या बी जलमभर रानातच हाय की!" म्हणत बानूबाईनं सगळ्यांची तोंडं बंद केली. पण आतून जीव खालीवर व्हायचा. शेवटी लेक धनाजीवर मेंढरं सोपवून ती एकटीच एसटीत बसली.

प्रतीक्षामागं तिथल्या रानात शिरताच म्हातारी गांगरली. माळावर कोसभर लांबचं मेंढरू नजरेत यायचं. इथं चार पावलांपुढं काही दिसेना. बुंध्यांवर शेवाळ, दोरखंडासारख्या वेली, आणि आभाळ म्हणाल तर पानांतून झिरपणारा उजेड तेवढा.

"देवानं आपल्या वाटचं पाणी बी हितंच सांडलंय की गं!"

"आत्या, आधी पायाकडं बघा." पोटरीला जळू चिकटली होती. प्रतीक्षानं ती नखानं अलगद सोडवली. बानूबाईनं लुगडं आणखी वर खोचलं. "चल म्होरं."

वळणावर सुनेनं एकदम तिचा हात धरला. वाटेतच गवा उभा होता. काळाभोर, गुडघ्याखाली पांढरा, आणि त्याच्या आडोशाला तपकिरी वासरू. बानूबाईनं सवयीनं काठी उचलली.

"काठी खाली, आत्या. हलू नका."

प्रतीक्षानं तिला हळूच एका बुंध्याआड सारलं आणि स्वतः पुढं उभी राहिली. गव्यानं फुसकारा टाकला. बानूबाईची नजर समोरच्या खाकी पाठीवरून हलेना. लग्नानंतर ताट वाढताना जिचे हात कापायचे, ती हीच का पोर?

गवा वासराला घेऊन कारवीच्या झुडपांत शिरला.

"भ्याली न्हाईस?"

"लई भ्याले. पण पळालो असतो तर तो मागं लागला असता."

बानूबाईनं तिच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

घरी आल्यावर धनाजीनं विचारलं, "बदली मागाय सांगू का तिला?"

"खबरदार! तेवढं मोठं रान राखती ती. तू तुझी मेंढरं राख."

आता आठवडी बाजारात भावकीतल्या बायका बानूबाईला थांबवून गव्याची गोष्ट विचारतात. ती सांगते, पण गव्यापाशी फार रेंगाळत नाही. तिला सुनेचंच सांगायचं असतं.