बाटलीतला समुद्र

माझ्या मायचं गाव भातकुलीच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी जिथे खारट लागतं, तो हा आमचा पट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. आता नळ आलेत, पण माझ्या लहानपणी पिण्याचं पाणी दूरच्या गोड्या विहिरीवरून डोक्यावर यायचं. त्यामुळे आमच्याकडच्या बायकांची जीभ मोठी तयार. माय तर चहाचा एक घोट घ्यायची आणि सांगायची, "हे शाळेजवळच्या बोअरचं हाय. मंदिराजवळच्या इहिरीचं यापेक्षा बरं." ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मी अकोल्यात भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर सागरी कडा काढते, गुहा काढते, कमान काढते, कमान कोसळली की उरणारा स्तंभ काढते. समुद्र आमच्यापासून इतका लांब की पोरं ते चित्र हत्तीच्या सोंडेसारखं काढतात आणि मीही अर्धे गुण देऊन टाकते. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, कोकण बघायचं. पण सगळे बघतात ते कोकण नाही. महिनाभर नकाशे चाळून मी वहीत यादी केली: फार कोणी जात नाही अशी घळ, कड्याखालचं देऊळ, सड्यावरची, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरची कातळशिल्पं, आडबाजूचा किनारा. गर्दीच्या किनाऱ्यांवर मी लाल पेनने काट मारली. घोडागाडी, भेळ, आरडाओरडा! तिथे काय बघायचं?

मायला सोबत न्यायचं ठरलं तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, आणि समुद्र कधी पाहिलेला नाही.

"तुले काय पाहाचं हाय थे सांग," मी विचारलं. खरं तर उत्तराची वाट न बघता मी वही उघडलीच होती.

"मले काही नाई पाहाचं. मले चाखाचं हाय," ती म्हणाली. "पाय बुडवीन आन् चूळभर पाणी तोंडात घेऊन पाहीन. आपल्या इहिरीपेक्षा खारं हाय का थे. जलमभर खारं पाणी उपसलं, त्याचा बाप तरी पाहू दे."

मी हसले. एवढंच ना, म्हटलं. समुद्रकिनारी जाऊन पाण्याला हात लावणं, यात अवघड ते काय?

गाडी हे चालवत होते, माझे यजमान. मागच्या सीटवर माय आणि तिची जेवणाची पिशवी. पिशवीत भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि जाड्या मिठाची एक पुरचुंडी. हॉटेलातल्या मिठावर तिचा विश्वास नव्हता. फडक्याच्या तुकड्यात बांधलेल्या त्या पुरचुंडीला तिची ती खास गाठ होती. एक टोक दुसऱ्यात असं अडकवायची की ओढलं की सुटे, नाहीतर दिवसभर हलत नसे.

पहिलं ठिकाण हेदवीची बामणघळ. समुद्राकाठच्या छोट्या देवळामागे काळ्या खडकात एक अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत घुसते आणि मग धाडकन वर उसळते. मी भरतीची वेळ वहीत लिहून आणली होती. खडक शेवाळलेले होते, म्हणून मायला देवळाच्या पायरीवर बसवलं आणि आम्ही पुढे गेलो. पाणी उसळलं तेव्हा मी लहान पोरीसारखी ओरडले. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेलं सगळं समोर उभं होतं.

परत आले तेव्हा माय चप्पल काढून बसली होती. "तथी रेती दिसते," तिने बाजूला बोट दाखवलं. "जाऊ का?"

रेती होती, अगदी जवळ होती. पण ऊन उतरत होतं आणि मला मुक्कामाचं गाव गाठायचं होतं. "उद्या चांगल्या जागी नेतो तुले," मी म्हटलं. तिने चप्पल परत घातली. ती घालताना तिला दोनदा वाकावं लागलं, ते मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तवसाळहून जयगडला जायला आम्ही गाडीसकट फेरीबोटीवर चढलो. गाड्या होडीत चढतात हे पाहून माय हरखून गेली. कठड्याला धरून ती पाण्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "इथलंच घेतलं तं? त्या होडीवाल्या पोऱ्हाले सांग ना, दोरीनं बालटीभर काढून देईन."

आता लिहितानाही कानशिलं तापतात. मी तिला सांगितलं, "माय, हे खाडीचं पाणी हाय. यात नदीचं मिसळलेलं असते. खरं समुद्राचं नाई हे." बरोबरच होतं ते. पोरांनी पेपरात लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते.

"बरं वं, मास्तरीनबाई," माय म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

जयगडच्या पुढे कड्याखाली कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे. वरून दिसत नाही. पायऱ्या उतरत गेलं की एकदम समोर समुद्र आणि कड्याला टेकून बसलेलं देऊळ. तिथून आणखी खाली खडकात गोमुख, त्यातून बारमाही गोड्या पाण्याची धार. हाकेच्या अंतरावर खारा समुद्र आणि इथे गोडं पाणी! यादीतलं हे माझं सगळ्यात लाडकं ठिकाण होतं. माय एकेका पायरीवर थांबत, माझ्या खांद्याचा आधार घेत उतरली. ओंजळीने पाणी प्यायली आणि कितीतरी वेळ तोंडातच घोळवत राहिली.

"पाय बाई कसं हाय," ती म्हणाली. "याच्या दाराशी समुद्र, तरी हे गोडं. आन् आपल्याकडे समुद्राचा पत्ता नाई, तरी आपलं खारं. देवाच्या घरी इच्चारलं पाह्यजे कोनी."

समोर खडक होते आणि खडकांपलीकडे लाटा. हे म्हणाले, "मी एका अंगानं धरतो, तू एका अंगानं धर. आईले तेवढं नेऊन आणू. धा मिनिटं लागतील." आणि मी घड्याळ पाहिलं. त्या संध्याकाळी मला उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती बघायचा होता. तिरप्या उन्हात त्याच्या रेषा उठून दिसतात, असं मी वाचलं होतं. ऊन काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. माय तर काय, होतीच.

हत्ती छान दिसला. तेही खरंच आहे, खोटं कशाला बोलू? मायलाही आवडला. "कोनी बसून काढला असन बापा एवढा!" म्हणत ती त्याच्याभोवती फिरली. पण दिवसभराच्या पायऱ्यांनी व्हायचं ते झालंच. सकाळी मुक्कामाच्या घरी उठली तर उजवा गुडघा सुजून टम्म. पलंगावरून पाय खाली टाकता येईना.

शेवटचा दिवस होता तो. दुपारी परत निघायचं होतं. यादीत आंबोळगडकडचा एक किनारा उरला होता. मी म्हटलं, नको जायला. निदान तसं म्हटल्याचं मला आठवतं. माय म्हणाली, "जा तुमी. एवढ्या दूर आले. मी बसतो इथं, घरवाली बाई हाय बोलाले." मग पिशवीतून तिने प्लॅस्टिकची पाण्याची रिकामी बाटली काढून माझ्या हातात दिली. "येतांनी एवढी भरून आणजो. बस."

तो किनारा काय सांगू! काळा कातळ, त्याच्या कुशीत वाळूचा एवढासा तुकडा, आणि चिटपाखरू नाही. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. तोंडावर उडालेलं पाणी ओठांना लागलं आणि मी ते पुसून टाकलं. फोटो काढले, ह्यांच्याकडून काढून घेतले, चालत येतानाचा व्हिडिओ पसंत पडेना म्हणून पुन्हा चालत आले. बाटली गाडीत, दाराच्या खणात होती.

ती मला आठवली आंबा घाट चढून वर आल्यावर. मागून मायनेच विचारलं, "बाटली भरली ना वं?"

"हो," मी म्हटलं. "डिक्कीत ठेवली."

का म्हटलं? विसरले म्हटलं असतं तर ती दोन शिव्या देऊन गप्प बसली असती. गाडी वळवाही म्हणाली नसती. पण तीन दिवस मी ज्या तोऱ्यात वही घेऊन फिरले होते, त्या तोऱ्याला 'विसरले' हा शब्द परवडणारा नव्हता. पुढे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. माय गाडीतच पाय लांब करून बसली. मी जेवणाची पिशवी घेऊन डिक्कीपाशी गेले, दाराच्या खणातली बाटली आधीच ओढणीत लपवली होती. पिण्याचं पाणी त्यात ओतलं. मायच्या पुरचुंडीची गाठ सोडली, मूठभर मीठ टाकलं आणि विरघळेपर्यंत बाटली हलवली. हे हात धुऊन येत होते. त्यांनी पाहिलं आणि टायर बघायला पलीकडे गेले. मी घाईघाईने पुरचुंडी बांधून पिशवीत टाकली आणि बाटली मायच्या हातात दिली.

मायने तळहातावर चार थेंब घेतले आणि जिभेला लावले. तिने डोळे मिटले, चव घेतली, परत एकदा घेतली.

"खारं हाय बापा," ती म्हणाली.

"आपल्या इहिरीपेक्षा?"

"लय."

तिने झाकण घट्ट लावलं आणि बाटली पदराखाली धरून बसली. मी सुटले असं मला वाटलं. अकोला येईपर्यंत ते सुटल्याचं सुख टिकलं.

गावी गेल्यावर मायकडे शेजारणींची रीघ लागली. होडीत चढलेल्या गाड्या, दगडातला हत्ती, समुद्राच्या काठचं गोडं पाणी, सगळं तिने रंगवून सांगितलं. माझ्या पोरीनं दाखवलं, पोरगी लय शिकेल हाय, असंही सांगितलं. बाटली देवाच्या फळीवर होती. एका शेजारणीने चाखायला मागितलं तर माय खेकसली, "हात नोका लावू. थे देवाचं हाय." मी तिथेच चहाचा कप घेऊन बसले होते. तो चहा मी तसाच मोरीत ओतून आले.

इकडे स्टाफरूममध्ये माझ्या फोटोंचं मोठं कौतुक झालं. इतकी वेगळी ठिकाणं तुम्हाला सापडली कशी, म्हणाले सगळे. मग एका सहकारी बाईंनी सहज विचारलं, "आईंचा समुद्रातला एखादा फोटो नाही का?" मी मोबाइल चाळत राहिले. देवळाच्या पायरीवरची माय होती, गाडीच्या काचेआडची होती, फेरीबोटीच्या कठड्याशी पाठमोरी होती. "पाठवते," म्हटलं आणि तासाला गेले. त्या वर्षी समुद्राचा धडा मी एका दिवसात उरकला.

दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं. मायला फोन केला की सांगायचं ठरवायचे आणि कापसाचं, तुरीचं विचारून ठेवून द्यायचे. शेवटी या दिवाळीआधी मनाचा हिय्या केला. सपाट वाळूचा, गर्दीचा, घोडागाडीचा तोच किनारा निवडला, ज्यावर मी काट मारली होती. पाण्यापासून चार पावलांवर खोली ठरवली आणि गावी गेले. सांगायचं तेही तिथे गेल्यावर, वाळूवर, तिचे पाय पाण्यात असताना सांगू असं ठरवलं होतं.

माय ओसरीवर तूर निवडत बसली होती. काठी बाजूला टेकवलेली. मी सगळं सांगितलं. कुठे काही चढायचं नाही, उतरायचं नाही, यादी नाही, वही नाही. फक्त तू आणि समुद्र.

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आता नाई होत वं माह्यानं. अमरावतीच्या दवाखान्यापर्यंत जातो, तरी दोन दिवस उठता येत नाई. तुमी जा."

"असं नको म्हणू माय. आपण हळूहळू जाऊ. थांबत थांबत."

"नाई म्हटलं ना."

माझे डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून मी आत पाहिलं, तर फळीवर ती बाटली, झाकण तसंच लावलेलं. मायने माझ्या नजरेबरोबर तिकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं.

"जाशीन तं एवढं करजो," ती म्हणाली. "खरंच भरून आणजो. आन् पुढच्या टायमाले माह्या मिठाची गाठ सोडली, तं माह्यासारखी बांधजो. तुह्यी गाठ मले घरी येऊन दातानं सोडा लागली."