प्रतिक्रिया पास करणारी नोल्डा

शिवी दिसली की उडवायची, नाही दिसली की जाऊ द्यायची, एवढंच नोल्डा इसेनियाचं काम होतं. कुरासाओ बेटावरच्या एका जुन्या रेडिओ केंद्राची बातम्यांची साइट होती. बातमीखाली लोक आपापली मतं लिहीत आणि ती जगाला दिसण्याआधी नोल्डाच्या डोळ्यांखालून जात. पडद्यावर एक हिरवं बटण होतं, एक लाल. सकाळी जाऊन खुर्चीत बसायचं, बटणं दाबायची आणि ऊन कलायच्या आत घरी मोंतान्याला जाणारी बस पकडायची.

पूर्वी याच केंद्रात ती फोन घ्यायची. सकाळच्या कार्यक्रमात लोक फोन करून सरकारवर, पाणीवाल्यांवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर मनसोक्त तोंडसुख घेत, पण त्यांचा आवाज बेटभर जाण्याआधी फोन नोल्डाकडे यायचा. माणूस कितीही तावातावानं बोलत असो, ती आधी विचारायची, "कुणाचा रे तू?" आमच्या बेटावर नुसतं नाव विचारून भागत नाही, कुणाचा ते विचारावं लागतं. तेवढ्यानं समोरचा निम्मा नरमायचा.

"मी बांदाबाउच्या चेचे सुताराचा धाकटा, शॉन नोल्डा."

"अगं बाई, चेचेचा का तू! आईचा गुडघा कसा आहे?"

"दुखतो अजून. जिना चढवत नाही तिला."

"बरं, आता बोल काय बोलायचं ते. पण जरा बेतानं हं."

आईच्या गुडघ्याची चौकशी झाल्यावर माणसाला फारसं वाईट बोलवत नाही. नोल्डानं कधी कुणाला दटावलं नाही, तरी तिच्या काळात रेडिओवर घाण शब्द गेला नाही. लोक तिला शॉन म्हणत. गुलामीच्या काळी तो शब्द मालकासाठी होता, आता वडीलधाऱ्या कुणालाही म्हणतात.

मग फोन थांबले आणि लिहिणं सुरू झालं. लिहिणाऱ्यांची नावं 'बेटाचा इग्वाना', 'सत्य कडू असतं' अशी. आता इग्वानाला कुणाचा रे तू विचारायचं कसं? पहिल्या वर्षी नोल्डाला फार त्रास झाला. व्हेनेझुएलाहून माणसं घेऊन येणारी होडी रात्री खडकावर फुटली, प्रेतं किनाऱ्याला लागली, आणि त्या बातमीखाली कुणीतरी लिहिलं, "माशांची चंगळ झाली." नोल्डानं लाल बटण दाबलं आणि मोरीत जाऊन ओकली. पुढे तशीच दुसरी होडी फुटली, तेच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत आलं, तेव्हा तिच्या डाव्या हातात खिमा भरून तळलेली पास्तेची होती. तिनं उजव्या हातानं वाक्य उडवलं आणि पास्तेची संपवली. आपल्याला काहीच कसं वाटलं नाही, असं तिच्या मनात आलं. त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही.

वाद तरी कसले! इथे राज्य केलेल्या डचांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती मनापासून की वरवरची. हॉलंडहून आलेल्या गोऱ्यांनी, म्हणजे आमच्या भाषेत माकांबांनी, समुद्रकाठची घरं घेतली त्याचं काय. होडीतून येणाऱ्यांना ठेवायचं की हाकलायचं. सुरुवात कुठूनही होवो, गाडी शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडकायची. खरा 'यू दि कोर्सौ', म्हणजे या बेटाचं लेकरू, कोण? या प्रश्नावर लोक जेवण विसरून भांडत.

त्यात सगळ्यात पुढे नोल्डाचा धाकटा भाऊ एड्सेल. हा हॉलंडमधल्या टिल्बुर्गला बस चालवतो, उभी हयात तिकडे चालली आहे, पण बेट कसं चालवावं ते त्याला तिथून बरोब्बर दिसतं. इग्वानासारखं लपून लिहिणं त्याला मान्य नाही. स्वतःचं पूर्ण नाव, स्वतःचा फोटो, आणि पाद्रीबाबांच्या प्रवचनाइतकं लांब लिहिणं. परक्यांनी बेट बुडवलं, हा त्याचा लाडका मुद्दा. आपला आजोबा प्रेस्कॉड ग्रेनाडाहून तेलशुद्धीच्या कारखान्यात कामाला होडीतूनच आला होता, हे मात्र त्या प्रवचनात कधी यायचं नाही. टिल्बुर्गमध्ये प्रवासी त्यालाच "आपल्या देशात जा" म्हणतात, तेही नाही. पण भाषा स्वच्छ. शिवी म्हणून नाही. त्यामुळे त्याचा फोटो दिसला की नोल्डा न वाचता हिरवं बटण दाबायची. भावाचं सगळं फोनवर ऐकायचंच, ते वर वाचायचं कशाला?

घरी त्यांची आई होती, शॉन मेमे. झटका आल्यापासून तिची उजवी बाजू गेली होती आणि तोंडातून मोजकेच शब्द फुटत. तिचं सगळं युस्मारी करायची. पाच वर्षांपूर्वी ही मुलगी व्हेनेझुएलातल्या कोरोच्या किनाऱ्यावरून होडीतून आली आणि शॉन मेमेच्या खाटेशेजारी राहिली ती राहिलीच. कागद नव्हते. सापडली तर आठवड्याच्या आत परत पाठवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडे तिची आई आणि एक मुलगी तिच्या पाठवण्यावर जगत होत्या, आणि इकडे तिच्याशिवाय शॉन मेमेची कूससुद्धा बदलत नव्हती. म्हणून युस्मारी हमरस्त्यावर जायची नाही. दुकान, औषधं, पैसे पाठवणं, सगळं नोल्डा करायची. पाच वर्षं दोघींनी ते निभावून नेलं होतं.

संध्याकाळी नोल्डा आली की युस्मारी मक्याच्या पिठाची फुंची कालवता कालवता विचारायची, "आज किती जणांना उडवलंत, सेन्योरा?"

"कोण मोजतं?"

"मला शिव्या देणारे किती होते?"

"तुला नाही गं देत. तुमच्या लोकांना देतात."

"मग ठीक आहे. मला वाटलं, कुणी ओळखीचं असेल."

त्यावर युस्मारीच आधी हसायची. खाटेवरून शॉन मेमेही घशातून काहीतरी आवाज काढायची. ते हसणंच आहे, असं युस्मारीचं म्हणणं होतं.

एका सोमवारी बातमी आली की कुठल्याशा शाळेतल्या शिक्षिकेनं मुलांना 'शॉन' म्हणायला बंदी केली. मालकाचा शब्द आपण अजून तोंडात का घोळवतो, असं तिचं म्हणणं. झालं! अख्खं बेट तुटून पडलं. आमच्या आज्यांना शॉन नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, इथपासून ते तुमच्या आज्या गुलामच होत्या, इथपर्यंत. नोल्डा लाल, हिरवं, लाल, हिरवं करत राहिली. मध्ये एड्सेलचा फोटो आला. हिरवं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला शेजारच्या रुथसेलाचा फोन आला. "नोल्डा, घरी ये. पोलिस युस्मारीला घेऊन गेले."

नोल्डा पोचली तेव्हा शॉन मेमे अर्धवट कुशीवर तशीच पडलेली होती. पाठीमागे लावायची उशी जमिनीवर होती. रुथसेला दारात उभी राहून रडत होती.

"घर विचारलंसुद्धा नाही गं त्यांनी. चिन्याच्या दुकानामागे वळले ते सरळ तुझ्या दारात. शॉन मेमेचं घर हेच ना, म्हणाले. मी काय सांगणार? या गल्लीत खोटं बोलून उपयोग आहे का?"

"आईचं नाव घेतलं त्यांनी?"

"नाव घेऊनच आले."

नोल्डानं आईला सरळ केलं, उशी लावली, मग खाटेच्या कडेला बसून मोबाइलवर आपलीच साइट उघडली. शॉन शब्दाच्या बातमीखाली ती उतरत गेली. कुणीतरी एड्सेलला डिवचलं होतं, "तुम्ही लोक घरात व्हेनेझुएलाच्या पोरी राबवता आणि त्यांच्याकडून स्वतःला शॉन म्हणवून घेता." एड्सेलला ते भलतंच झोंबलं होतं. त्यानं लिहिलं होतं:

"माझी आई शॉन मेमे इसेनिया मोंतान्यात राहते. पाच वर्षं तिला एक व्हेनेझुएलाची मुलगी सांभाळते. तिच्याकडे कागद नाहीत, पण आम्ही तिला कधी परकी मानलं नाही. ती माझ्या आईला शॉन म्हणत नाही, आजी म्हणते. आईला घास भरवल्याशिवाय ती स्वतः जेवत नाही. इथे बसून बेटाच्या नावानं गळा काढणाऱ्या तुम्हा सगळ्यांपेक्षा ती पोरगी जास्त यू दि कोर्सौ आहे."

परक्यांवर उठसूट तुटून पडणारा तिचा भाऊ वाद जिंकण्यासाठी एकदाच भलेपणानं बोलला होता, आणि तेव्हाच नेमका नाव-गावासकट बोलला होता. आमच्याकडे नाव सांगितलं की पत्ता वेगळा सांगावा लागत नाही. खाली ढीगभर लोकांनी शाबासकी दिली होती. त्या मजकुरात एकही शिवी नव्हती. नोल्डानं तो वाचला असता तर शिवी नसतानाही उडवला असता. तिनं वाचला नव्हता.

तिनं टिल्बुर्गला फोन लावला. एड्सेल बस लावून डबा खात होता.

"युस्मारीला नेलं. तुझं वाचून आले."

"माझं कुठलं?"

"शॉनचं."

फोनमधून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. मग तो एकदम ओरडला, "अगं पण मी चांगलं लिहिलं होतं! तिच्या बाजूनं लिहिलं होतं मी!"

"हो."

"मग तू जाऊ कसं दिलंस? तुझं कामच आहे ना ते? वाचतेस की नाही तू?"

"तुझं नाही वाचत."

"नोल्डा, काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

तिनं काढलं. मोबाइलवरच कामाचं पान उघडून बोट लाल बटणावर ठेवलं, मजकूर गेला. शाबासक्याही गेल्या.

"काढलंस?"

"काढलं."

"आता गं?" एड्सेल लहानपणी विचारायचा तसं विचारत होता. नोल्डाला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. छातीत काहीतरी हलायला हवं होतं, ते हलत नव्हतं. तिला स्वतःचीच भीती वाटली.

दुपारी युस्मारीचे कपडे पिशवीत भरून ती पकडलेल्यांना ठेवतात तिथे गेली. फाटकावरचा पोरगा सभ्य होता.

"तुम्ही कोण तिच्या?"

नोल्डा विचारात पडली. नात्याचा शब्द सापडेना.

"तुमच्याकडे कामाला होती ना? म्हणजे तुम्ही तिच्या शॉन," पोरगा म्हणाला आणि पिशवी आत घेतली. आत जाऊ देत नाहीत, असंही सांगितलं.

बुधवारी नोल्डा कामावर गेली. आईपाशी रुथसेला बसली होती. साइटवर मोंतान्यातल्या धाडीची चार ओळींची बातमी होती आणि खाली लोक जमले होते. छान झालं. अजून धरा. डचांचे कुत्रे. नोल्डा लाल, हिरवं करत गेली. एकानं लिहिलं होतं, "आता त्या म्हातारीच्या लेकीनं आईचं स्वतःच्या हातानं करावं." नोल्डानं ते दोनदा वाचलं. शिवी नव्हती, नाव नव्हतं, पत्ता नव्हता. तिनं हिरवं बटण दाबलं.

पुढचे दिवस तिनं आईचं स्वतःच्या हातानं केलं. तिला जमत नव्हतं. पाणी कधी गार व्हायचं, कधी कढत. घास गालात अडकून राहायचा. शॉन मेमे ओरडत नव्हती, नुसती अंग आखडून घेत होती. परक्यानं हात लावला की माणूस घेतं तसं.

रविवारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सेन्योरा, मी. घरी पोचले."

"युस्मारी! बरी आहेस ना गं? मारलं-बिरलं नाही ना कुणी?"

"नाही हो. आजीचं सांगते आधी. कूस बदलताना डावा खांदा धरायचा, उजवा नाही, दुखतो तो. गोळी पपईत कुस्करून द्या, पाण्यातून दिली की थुंकते. आणि अंघोळीला पाणी आधी पायांवर घाला, मग घाबरत नाही ती."

"आधी पायांवर," नोल्डा म्हणाली. "तुला राग नाही आला आमचा?"

"कशाचा?"

"एड्सेलनं लिहिलं होतं त्याचा."

"गाडीत साहेबांनी मोबाइल पुढे धरला. म्हणाले, ही तूच ना? मग मी म्हटलं, पूर्ण वाचून दाखवा ना. त्यांनी वाचलं." युस्मारी हसली. "माझ्याबद्दल असं कुणी कधी लिहिलं नव्हतं, सेन्योरा. यू दि कोर्सौ म्हणालेत ते मला. इथे आईला सांगितलं तर तिला पटेना. म्हणते, तिकडचे लोक असं लिहितीलच कसं. माझी मुलगीसुद्धा विचारते. आता शेजारच्यांकडे इंटरनेट आलं की मी दोघींना दाखवणार आहे. आहे ना ते अजून? काढू नका हं."

खाटेवर शॉन मेमेनं आवाज ओळखून मान फोनकडे वळवली होती. नोल्डाला रडू आलं. इतक्या वर्षांनी आलं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"आहे," ती म्हणाली. "नाही काढत."