शून्याचा खिळा

नव्वदच्या दशकात वरवंडला, हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही राहायचो. पुढं गॅरेज, मागं चूल. भाकरीलाही ऑइलचा वास. पाहुणा आला की आम्ही बहिणी बाहेर टायरवर बसून जेवायचो, कारण आत जागाच नसायची. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी शिरूरला मावशीकडं राहून कॉलेजात फिजिक्स घेतलं, तेव्हा चुलता म्हणाला, "बरंय, घरचा बल्ब तरी बदलंल."

चुलता इंजिनं खोलायचा, वडील म्हणजे आण्णा गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचे. खंडेनवमीला हत्यारांपुढं नारळ फोडील तो शेडचा मालक, हे कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णा थोरले, म्हणून दरवर्षी तेच फोडायचे. त्या वर्षी मी सुट्टीला घरी आले होते. आण्णा अंघोळीला गेले आणि चुलत्यानं हातोडीनं नारळ फोडला.

आण्णा ओल्या अंगानं धावत आले. एका हातानं त्याची गचांडी धरली, दुसरा टेबलावर टेकलेला. शेजारी खुटबावच्या रिटायर फौजीच्या जुन्या मोटारसायकलचे दोन मीटर उघडे पडलेले. हातोडीचा पहिला घाव आण्णांच्या बोटांवर, दुसरा मीटरांवर. काचा उडाल्या, दोन्ही काटे तुटले. हळदीकुंकवावर रक्त सांडलं. मी सतराचा पाना फेकला. चुलत्याचं कपाळ फुटलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

फौजी म्हणाला, "चार दिसांत काटे बसवा, न्हाईतर गाडी नेतो."

चुलता डोक्याला फडकं बांधून हसला. "दादा, काटे बसले तर शेड तुझी. न्हाईतर बिऱ्हाड उचल."

आण्णांच्या उजव्या हाताला प्लास्टर. मीच कामाला बसले. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून काटे कातरले, शेपटीला लाखेचा थेंब देऊन तोल साधला. तोल कॉलेजात शिकले होते. टोकाला नेलपॉलिश लावलं. स्पीडोमीटरचा काटा नीट शून्यावर बसवला, तशी आण्णांनी डाव्या हातानं थोबाडीत दिली.

"शून्यावर न्हाई! काट्याखालचा दांडा सैल सोडला की शून्याला काटा अडवणाऱ्या खिळ्याच्याबी खाली फिरतो. तिथं बसव, मग काटा उचलून खिळ्यावरनं अलीकडं घे. स्प्रिंगचा दाब ऱ्हायला पायजे, न्हाईतर धक्क्याला नाचतो."

कान वाजत होता. डोळे पुसले आणि काटा पुन्हा काढला.

चौथ्या दिवशी चुलत्यानं मीटर उचलला आणि टेबलावर आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तर मला वाटलं, आता नवी बसवलेली काच जाणार. काटा उसळला आणि परत खिळ्याला येऊन दाबून बसला.

"बसला की गं," चुलता हळूच म्हणाला.

फौजी दौंडपर्यंत चक्कर मारून आला. "काटा साठला ठाम ऱ्हातोय!"

चुलत्यानं आपले पाने गोणीत भरले आणि निघून गेला.

शेड आमची राहिली. आण्णांचा अंगठा पुन्हा वळला नाही. सुट्टीसुट्टीला मीटर मीच करत गेले आणि बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.