आधी वेलीचा चहा

आमच्या माहेरी, माकुणसारला, वेलींना पाजायचा दिवस असला की सकाळी चूल पेटली तरी कुणाला चहा मिळायचा नाही. आधी वेलीचा, मग माणसांचा! बाबांची पानवेलींची वाडी होती. एका पिंपात एरंडीची पेंड, काळा गूळ, मासळी धुतलेलं पाणी आणि जुन्या वेलीच्या बुडातली मूठभर माती असं सगळं आंबत घातलेलं असायचं. रोज बांबूने ढवळायचं, तयार झालं की आईच्या जुन्या लुगड्यातून गाळायचं आणि कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत साधं पाणी मिसळायचं. मग बाबा वेलीवेलीच्या बुडाशी तांब्याने ओतत जायचे. ते त्याला चहाच म्हणायचे. आम्ही भावंडं पडवीत रिकामे कप घेऊन चडफडत बसायचो. आज तो आंबूस वास आठवला तरी मला भूक लागते. हसा खुशाल!

बाबा गेले, वाडीच्या वाटण्या झाल्या, वेली उपटल्या गेल्या. आई तिथे एकटी राहिली आणि एकदा विहिरीपाशी पडली. मी गाडी केली आणि तिला सरळ बोईसरला माझ्या फ्लॅटवर आणलं. ती आली तीच ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेलीची फांदी घेऊन. रंगाच्या रिकाम्या डब्यात फांदी लावली, गॅलरीत ठेवली आणि मला बजावलं, "ही लागली तर मी हाय. नाय लागली तर मला घरी नेऊन सोड."

एकदा बोलली की ब्रह्मदेव आला तरी ऐकणारी बाई नव्हती ती. आणि घरी होतं कोण? रात्री-अपरात्री पडली असती तर उचलायलाही कुणी नव्हतं.

वेलीने दोन पानं काढली आणि ती अडली. ती पानंही पिवळी पडायला लागली. आईने गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. मी म्हटलं, थांब, चहा करू. पालघरच्या बाजारातून पेंड आणली. मासळी धुतलेलं पाणी नवापूरहून मासळी विकायला येणाऱ्या मावशीकडे मागितलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मासली नको आनि पानी पायजे? बरी हायस ना?"

पिंप गॅलरीत बसलं. आई खुर्चीतून हुकूम सोडत होती, "त्याला वारा लागू दे, कोंडू नको." मी कुठली ऐकतेय! आसपास लोक राहतात, वास गेला तर शिव्या कोण खाणार? मी झाकण घट्ट लावलं, वर प्लास्टिक बांधलं, त्यावर पाटा ठेवला.

रविवारी दुपारी पिंप उघडलं मात्र, अरे देवा! अख्खी बिल्डिंग भरली. आणि आमच्या कारखान्यांच्या बोईसरात असा वास आला की माणसाला एकच गोष्ट सुचते. "गॅस लीक हुआ, नीचे उतरो!" वॉचमन ओरडला. नाकाला ओले टॉवेल, काखेत पोरं, धडाधड सगळे खाली. खरं सांगते, सवयीने मीही चप्पल शोधायला लागले. आई तेवढी जागची हलली नाही. तिने हुंगलं आणि म्हणाली, "कोंडलंस ना?" मग हसायला लागली. बाबा गेल्यापासून ती हसलेली मी पाहिलीच नव्हती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

मला खाली जाऊन सांगावं लागलं की कारखान्याचा गॅस नाही, वेलीचा चहा आहे. सेक्रेटरी तणतणले. मीही सोडलं नाही. म्हटलं, "कारखान्यांचा वास रोज मुकाट गिळता, माझं एक पिंप बरं खुपलं!"

आईने उघड्या पिंपात बांबू घातला आणि बसल्या बसल्या सकाळ-संध्याकाळ ढवळत राहिली. वास निवला, ताडीसारखा आंबूस झाला. मग वेलीला तांब्याभर पाजलं, पुन्हा थोड्या दिवसांनी पाजलं. एका सकाळी शेंड्याला कोवळं, लालसर पान दिसलं. आईने त्याला हातही लावला नाही. आत आली, गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "माझी लुगडी कुठल्या कपाटात ठेवू?"

ती राहिली. वेल ग्रिलभर चढली, मजल्यामजल्यावर पानं गेली. सेक्रेटरीसुद्धा जेवणानंतर पानाला यायचे. पाजायच्या दिवशी मी आधणाला हात लावला की आई आतून ओरडायची, "आधी तिचा!"

या वर्षी आई गेली. मला पिंपाकडे बघवेना. ते उपडं करून कोपऱ्यात ठेवलं. वेलीला नुसतं पाणी घालत होते. पानं लहान निघायला लागली, तेही दिसत होतं.

परवा भाजी घेऊन येत होते, तेव्हा कारखान्यांकडून उग्र भपकारा आला. नव्याने राहायला आलेली एक मुलगी घाबरून खाली धावत आली. वॉचमन जागचा उठला नाही. "डरो मत, अम्मा की चाय है," तो सवयीने म्हणाला, आणि मला बघून त्याने जीभ चावली.

आईची इतकी आठवण आली की जिन्यातच बसले आणि रडले. मग वर गेले, पिंप सुलटं केलं, पेंड भिजत घातली. झाकण लावलं नाही.